बाबांच्या घड्याळाप्रमाणे

आज काहीही चुकणार नाही, असं थोरलीने घराला कुलूप लावतानाच आई आणि धाकट्या भावासमोर जाहीर केलं. चुकणार कसं? बाबांच्या हातचं वेळापत्रक होतं! बंदरात भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्यात त्यांची हयात गेली. घरच्या सहलीही ते तशाच आखायचे, मिनिटामिनिटाने. ही एक आखून ठेवलेली सहल मात्र राहून गेली. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. ती सहल आज, कागदावरचं अक्षरही न बदलता पार पाडायची, असा थोरलीचा पण होता. मनगटावर बाबांचंच घड्याळ. सगळ्यांचे मोबाइल पिशवीच्या तळाशी, बंद. हाही बाबांचाच नियम.

"ताई, आपण फिरायला चाललोय की चढाईवर?" धाकट्या भावाने विचारलं.

"नऊ-दहा. निळी बस, बंदराचं फाटक," थोरलीने वाचून दाखवलं.

घड्याळात नऊ-दहा झाले आणि फाटकाशी साक्षात निळी बस! दारात खाकी कपड्यांतला एक मिशाळ साहेब यादी घेऊन उभा होता.

"तीनच कमी होते. आलात? चढा, चढा!" म्हणत त्याने तिघांच्या छातीवर बिल्ले लावले. थोरली चौदा, आई पंधरा, धाकटा सोळा.

"बघितलंस?" थोरलीने कागद उंचावला. "बाबांनी नोंदणीसुद्धा करून ठेवली होती."

वर्षभर आधी नोंदणी करणारा माणूस! धाकट्यानेही बिल्ला नीट करून घेतला. आईने एकदा थोरलीच्या मनगटाकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग ती खिडकीतून समुद्र बघत बसली.

बसमधली बाकीची मंडळी तरणीबांड. कुणी गाणी म्हणेना, कुणी खाईना. सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या आवळत होते.

"सहलीला इतकी गंभीर माणसं मी जन्मात पाहिली नाहीत," धाकटा पुटपुटला.

शहर मागे पडलं, झाडी दाट झाली, बस थांबली. साहेबाने कान फाटेल अशी शिट्टी मारली. "दोन किलोमीटर! पळा!"

थोरलीने कागद उघडला. "'जंगल. पायवाट. दोन किलोमीटर.' बरोबर आहे."

"त्यात 'पळा' लिहिलंय का?"

"'चाला' असंही लिहिलेलं नाही!"

तिघे पळाले. धाकटा पहिल्याच चढावर पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा आवाज करू लागला. आई डब्याची पिशवी काखेत मारून, वाटेतल्या तरण्याताठ्यांना "बाजूला व्हा रे" म्हणत पुढे निघून गेली.

मग मनोरा. कागदावर होतं, 'मनोरा. दृश्य.' प्रत्यक्षात वर जायला दोरीची शिडी होती. धाकटा मधेच लटकला, वाळत घातलेल्या पँटसारखा.

"ताई, बाबांना माझ्यावर काही राग होता का गं?"

"दृश्य बघ!" थोरली वरून ओरडली.

शेवटी झाडाखाली टेबल मांडून साहेब एकेकाला प्रश्न विचारू लागला. आईची पाळी आली.

"जंगलात वणवा दिसला. काय कराल?"

"आधी ह्यांना विचारीन," आई सवयीने बोलून गेली.

थोरलीने मान खाली घातली.

"आणि ते नसले तर?"

आईने डब्याची पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "मग काय, माझं मलाच विझवायला हवं."

साहेबाने कागदावर दोनदा 'उत्तम' लिहिलं, आणि निकालच सांगून टाकला. "पंधरा नंबर, पहिल्या! चौदा, काठावर नापास. सोळा..." त्याने धाकट्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सोळाने जंगलात येऊच नये."

"पण निकाल कसला?" थोरलीने विचारलं.

"वणवा-पहाऱ्याच्या स्वयंसेवकांचा! मग तुम्ही कशाला आलात?"

"सहलीला!"

"सहलीची बस नऊ-दहाची हो! आपली पावणेनऊला सुटते. बसेस सगळ्या निळ्याच."

थोरलीने घड्याळ कानाला लावलं. चालू तर होतं!

"पंचवीस मिनिटं पुढे असतं ते," आई शांतपणे म्हणाली. "कुणाला उशीर होऊ नये म्हणून. मला एकटीलाच माहीत होतं."

"मग सकाळीच बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं बोलले. उपयोग झाला?"

संध्याकाळी त्याच बसने त्यांना धक्क्यावर सोडलं. कागदावरची शेवटची ओळ होती, 'साडेसहा. सूर्यास्त. पाच मिनिटं. रेंगाळू नये.' घड्याळात साडेसहा झाले. सहा पस्तीस झाले. सूर्य पाण्याच्या चांगला हातभर वर!

"उशीर झालाय त्याला," धाकटा म्हणाला.

"ह्यांना मुळीच चाललं नसतं," आई म्हणाली.

थोरलीचं बोट घड्याळाच्या झिजलेल्या किल्लीवर गेलं आणि तिथून परत आलं. जगातल्या सगळ्या बसेस उशिरा येतात, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. प्रत्येक सहलीत कुठल्या ना कुठल्या बाकावर बाबांच्या शेजारी बसून वाट बघायची, आणि बाबा कसे कोण जाणे, खुशीत असायचे! तिघे तसेच बसून राहिले. सूर्य सावकाश आला आणि गेला.

"घड्याळ दे इकडे," उठताना आई म्हणाली. "उद्यापासून मला पहाऱ्यावर जायचंय. उशीर नको."

थोरलीने ते काढलं आणि आईच्या हातावर बांधलं.

"आई, अगं, आधी ते पंचवीस मिनिटं मागे तरी घे!" धाकटा म्हणाला.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मागून वारा घोंघावत होता.

"अगं, घड्याळात पावणेनऊ झाले, फाटकाशी निळी बस उभी होती, चढले. आता इथे दीपगृह दाखवतायत. फार छान आहे! ह्यांनी यादीत कसं नाही घातलं, कोण जाणे!"