सलूनवाल्यांची दाढ आणि गच्च भरलेला लॅपटॉप

"रोज दुसऱ्यांच्या दाढा काढते, मला एक फाइल काढता येणार नाही होय?" असं दंतवैद्य बाईंनी सकाळी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं.

दुपारी त्यांच्या खुर्चीत कोपऱ्यावरचे सलूनवाले आडवे झाले होते. दवाखाना नवा, पेशंट बेताचे. आणि सलूनवाले म्हणजे गल्लीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. हा माणूस खूश होऊन गेला तर बाईंना जाहिरातीची गरजच उरणार नव्हती. त्यांनी भूल दिली, दाढेचा एक्स-रे घेतला, आणि लॅपटॉप म्हणाला, डिस्कवर जागा नाही.

"तोंड उघडंच ठेवा, आलेच," म्हणत बाई त्यांच्या डोक्यामागच्या टेबलाशी गेल्या. सगळ्यात लठ्ठ फाइल त्यांनी सकाळीच हेरून ठेवली होती. हायबरनेशनची. लॅपटॉप गाढ झोपी जाताना चालू असलेलं सगळं काम त्यात लिहून ठेवतो. बाई त्याला कधी इतकं गाढ झोपवतच नसत. त्यांनी डिलीट दाबलं. फाइल जागची हलेना. शेवटी टोपीखाली इअरफोन खुपसून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराला फोन लावला.

सलूनवाल्यांना फोन दिसला नाही. फक्त बाई ऐकू येत होत्या.

"आत गच्च भरलंय हो. मुंगी शिरायला जागा नाही."

सलूनवाल्यांनी जीभ फिरवून बघायचा प्रयत्न केला. जीभच सापडेना.

"मघाशी उपटायला गेले, तर ती हलायला तयार नाही."

"वहिनी, हातानं काढू नका," दीर कानात म्हणाला. "हायबरनेशनच बंद करा, फाइल आपोआप जाईल. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा. पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ."

बाईंनी टाइप केलं. "अहो, हे म्हणतंय मला अधिकारच नाहीत."

खुर्ची करकरली.

"अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं असतं, वहिनी."

"असं होय. मला वाटलं, अधिकार नसले तरी चालतं."

"आणि एक लक्षात ठेवा. साधी झोप राहील, गाढ झोप जाईल. झोपेत बॅटरी संपली, तर सेव्ह न केलेलं सगळं जाईल."

"म्हणजे झोपेतच गेला तर परत काही हाती लागायचं नाही," बाई म्हणाल्या. "जाऊ दे. जपण्यासारखं आहे काय त्याच्यात?"

त्यांनी एंटर दाबलं. सहा जीबी मोकळे झाले. "झाली बघा जागा," म्हणत त्या हसतमुखानं वळल्या. खुर्चीही मोकळी झाली होती.

बाहेर दोन पेशंट बसले होते. गळ्यातल्या प्लास्टिकच्या लाळेऱ्यासकट सलूनवाले त्यांना सांगत होते, "पळा. बाईंना अधिकाय नाहीत." बाई दारात येईपर्यंत तिघंही पसार झाले.

बाईंनी लॅपटॉप काखोटीला मारला आणि कोपरा गाठला. सलूनवाले जबडा धरून स्वतःच्याच खुर्चीत बसले होते. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून ताटकळत होतं.

"अहो, ती फाइल होती. तुमची दाढ नव्हे."

"मग झोपेत कोण जाणाय होतं?"

"हा," बाईंनी लॅपटॉप पुढे केला. मघाशी गच्च लाल दिसणाऱ्या डिस्कच्या पट्टीत आता सहा जीबी मोकळे दिसत होते. सलूनवाले लाळ पुसत तिच्याकडे वाकले.

"फोटो उडाले नाहीत?" फेसवाल्यानं मान लांब करून विचारलं.

"एकही नाही. आपल्या कुठल्याच फाइलला हात लावावा लागत नाही."

"सहा जीबी?" सलूनवाल्यांनी विचारलं.

"सहा."

सलूनवाले उठले आणि बाईंच्या मागून चालू लागले. एक्स-रे सेव्ह झाला, दाढ भरली, दुखलं म्हणून नाही. जाताना ते म्हणाले, "बाई, उद्यापासून बघा. तुमचं नाव गल्लीभय कयतो."

आणि केलंही. दुसऱ्या दिवशी बाई पोचल्या तर बाहेर बसायला जागा नव्हती, काही जण जिन्यात उभे होते. बाईंनी नवऱ्याला फोन करून ते दोनदा सांगितलं. मग हातमोजे चढवले, दिवा लावला आणि पहिल्या माणसाला खुर्चीत बसवलं.

"हं, उघडा बघू," त्या म्हणाल्या.

त्यानं मांडीवरचा लॅपटॉप उघडला.