मालक इंग्रजीत गेले

“येऊ दे परदेशातून फोन! फाडफाड बोलतो की नाही बघ!” डबा घेता घेता हेडक्लार्कने बायकोला बजावलं.

“आधी शर्टाची बटणं नीट लावा. वरखाली झालीत,” बायको म्हणाली.

पण हेडक्लार्क हवेत होता. बिजागऱ्यांच्या कारखान्यात त्याचे केस पिकले होते. आता कुठे परदेशातली मोठी ऑर्डर येऊ घातली होती आणि मालकांनी शब्द दिला होता, “तिकडच्यांशी तू बोल. ऑर्डर आली की वेगळी केबिन तुझी!” म्हणून हा गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात, मुलीच्या वयाच्या बाईंसमोर, बाकाला गुडघे आपटत बसायचा. उपमा, रूपक, काळ, शब्दसंपत्ती, सगळं घोटून प्यायचा!

आदल्या संध्याकाळी बाईंनी सौम्य शब्द शिकवले. “कुणी वारलं तर ‘मेले’ असं तोंडावर म्हणू नये. ‘गेले’ म्हणावं. इंग्रजीत, पास्ड अवे!” नेमका तेव्हा हेडक्लार्क बाकाखाली पेनाचं टोपण शोधत होता. डोकं वर काढलं तेव्हा कानावर पडलं ते एवढंच: ‘गेले’ म्हणजे पास्ड अवे.

दुपारी मालक दाढ काढायला गेले आणि फोन खणाणला. परदेशी गिऱ्हाईक!

“मालक आहेत का?” तिकडून इंग्रजीत विचारणा झाली.

नुसतं ‘गॉन’ काय म्हणायचं? अडाणी वाटतं! हेडक्लार्कने घसा खाकरला. “सर पास्ड अवे!”

तिकडचा आवाज दचकला, “अरे देवा! केव्हा?”

“आत्ताच. जेवण झाल्यावर.”

“असे अचानक?”

“छे, छे! डॉक्टरांनी आधीच वेळ दिली होती.”

“तुम्ही फार धीराने घेताय हो!”

“सर, ते गेले की ऑफिसात जरा मोकळं वाटतं!”

फोन ठेवून हेडक्लार्कने कॉलर ताठ केली. थोड्याच वेळात कॅशियरबाई कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचं ईमेल वाचून हंबरडा फोडून उठल्या. “मालक गेले? आणि ऑर्डर थांबवली म्हणून लिहिलंय!”

“अहो, दाढ काढायला गेलेत!” हेडक्लार्क म्हणाला. मग त्याने तो मजकूर वाचला, आणि त्याचं तोंड चुना लावलेल्या भिंतीसारखं पांढरं पडलं. घाईघाईने त्याने परत गिऱ्हाइकाला फोन लावला.

“सर, धिस इज अ मिस्टेक! ही इज ओन्ली लेट!”

“हो, लेट. फार भला माणूस होता,” पलीकडचा आवाज आणखीच दाटला.

“अहो, इंग्रजीत ‘लेट’ म्हणजे कैलासवासीसुद्धा!” कॅशियरबाई किंचाळल्या.

तेवढ्यात मालक दारात! गाल फुग्यासारखा, तोंडात कापसाचा बोळा. कॅशियरबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. मालकांनी फोन हिसकावला आणि जीव तोडून ओरडले, “ऊंऽऽ! आऽऽ ऊंऽऽ!”

पलीकडून किंकाळी आली आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, कुणी उचलेना.

मालकांची जीभ वळायला लागेपर्यंत ऑर्डर दुसऱ्याच कारखान्याला गेली. केबिन गेली, टेबलही गेलं. हेडक्लार्कची रवानगी मागच्या गोदामात झाली. तिथे बिजागऱ्यांशी कुठल्याच भाषेत बोलावं लागत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो वर्गात गेला. घरी बसून बायकोला काय सांगणार? बाईंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्याचा बांध फुटला. फोनवरचा शब्दन् शब्द त्याने इंग्रजीतच सांगितला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काका,” त्या हळूच म्हणाल्या, “आज व्याकरणाची एकही चूक नाही!”

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. हेडक्लार्क बिचारा उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, “थँक्यू.”