वीस फुटी हिरवा टॉवेल

सहा दिवसांत गॉल्फ शिकून दाखवतो, असं नारायण मंगळवेढेकरांनी सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं. बायको इंद्रायणी कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "अहो, स्कूटर शिकायला तुम्हाला दोन वर्षं लागली की!"

पण आता माघार नव्हती. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात नारायणराव बावीस वर्षं नमुने बनवून घेत होते. बंगळूरच्या हॉटेलांसाठी खरेदी करणाऱ्या भुवनेश्वरी मॅडम शनिवारी माल बघायला येणार होत्या आणि रविवारी पुण्यात गॉल्फ खेळणार होत्या. "आपल्याकडचं कुणी खेळतं का हो?" असं कारखान्याचे मालक आशिषशेठनी सहज विचारलं, आणि नारायणरावांच्या तोंडून निघून गेलं, "मी खेळतो की! थोडंफार!" शेठ इतके खूश झाले की त्यांनी पुण्याच्या गाडीत नारायणरावांची जागाच पक्की केली.

खरं सांगायचं तर नारायणरावांनी गॉल्फ फक्त मोबाइलवर पाहिलं होतं, तेही आवाज बंद करून. मागांचा खडखडाट बावीस वर्षं कानात साठलेला माणूस तो! न संपणारं हिरवं गवत, ती शांतता, चेंडूमागून सावकाश चालत जाणारी माणसं बघता बघता त्यांचा दुपारचा डबा तसाच राहायचा. एकदा, आयुष्यात एकदाच, त्यांना त्या गवतावर चालायचं होतं.

मोबाइलमधला गुरू सांगत होता, नवशिक्यानं आधी हलक्या हातानं चेंडू खळग्यात ढकलायला शिकावं, त्याला घरातला गालिचा पुरे. नारायणरावांच्या घरी गालिचा कुठला? पण कारखाना होता की! उरलेल्या हिरव्या सुताचा त्यांनी वीस फुटी टॉवेल विणून घेतला, वर उभी राहणारी सुताची लव घाईघाईत कातरून घेतली आणि "घरी धुऊन बघतो" असं सांगून स्कूटरवरून आणला. काठी आणि चेंडू ऑनलाइन आले. खळगा म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवला.

गच्चीवर खालच्या मजल्यावरच्या रत्नम्मा कडक भाकरी वाळत घालत होत्या. त्याही त्याच कारखान्यात, तपासणी विभागात. दोषावर खूण करायचा खडू हातात घेऊन बसल्या की एक दोरा इकडचा तिकडे सुटायचा नाही.

"अय्यो नारायणराव! येवढा लांब टॉवेल? हत्तीला पुसायचा हाय काय?"

"सराव आहे, रत्नम्मा. जरा बाजूला व्हा!"

चेंडू निघाला तो सरळ, पण मध्येच डावीकडे वळला आणि भाकरीच्या चळतीत घुसला. खाडकन आवाज झाला!

"माजी भाकरी!"

दुसरा चेंडूही डावीकडे. तिसराही. नारायणरावांनी विचार करून निदान केलं, मनगटात दोष आहे! उपाय सोपा होता. नेम वीतभर उजवीकडे धरायचा. शुक्रवारपर्यंत दहातले दहा चेंडू पेल्यात जायला लागले. डोळे मिटले की पाण्याच्या टाक्या विरघळायच्या, गच्चीचा कठडा नाहीसा व्हायचा आणि हिरवळ पार कुर्डुवाडीपर्यंत पसरायची. त्या हिरवळीवर पांढऱ्या टोपीतले नारायणराव एकटेच चालत असायचे. कुठे काही वाजत नसायचं.

शनिवारी सकाळी गच्चीवर जाऊन बघतात तर टॉवेल गायब!

"रत्नम्मा घेऊन गेल्या," इंद्रायणी म्हणाली. "कडा न शिवलेला माल कारखान्याबाहेर ठेवत नाहीत म्हणे."

नारायणरावांनी स्कूटर अशी हाणली की एमआयडीसीतले सायकलवाले बाजूला झाले. पण उशीर झाला होता. तपासणीच्या टेबलावर तो हिरवा टॉवेल ऐसपैस पसरला होता, आणि त्याच्यापुढे शेठ, मॅडम आणि खडू घेतलेल्या रत्नम्मा उभ्या होत्या.

"नारायणराव, हे काय?" शेठनी विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. नारायणरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या. त्यांनी पर्समधून चेंडू काढला, टॉवेलवर ठेवला आणि छत्रीच्या मुठीनं ढकलला. चेंडू डावीकडे वळला.

"वीतभर उजवीकडे नेम धरायचा, मॅडम!" नारायणरावांना राहवलं नाही. "गॉल्फमध्ये तसंच असतं!"

शेठनी टॉवेलला अडकवलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "लव डावीकडं झुकली. दोष. नापास. सही, रत्नम्मा."

बावीस वर्षं नव्या कामगारांना "आधी लव बघा!" असं शिकवणारे नारायणराव आपल्या मनगटाकडे बघत राहिले.

"कल्पना मात्र छान आहे," मॅडम म्हणाल्या. "लव सरळ ठेवून असे दहा द्या. आमच्या क्लबला दाखवते. सोमवारी न्यायचेत."

"मिळतील की!" शेठ आनंदानं म्हणाले. "नारायणराव, हे तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्ही उद्या मागावर थांबा. पुण्याला मी जातो."

रविवारी दुपारी शेठ पुण्यात गवतावर होते. इथे माग खडखडत होता आणि त्यातून हिरवा टॉवेल फूटफूट बाहेर येत होता. तयार झालेला पहिला तुकडा नारायणरावांनी जमिनीवर अंथरला, आजूबाजूला बघितलं, चपला काढल्या आणि त्यावर पाय ठेवला. मऊ होतं. डोळे मिटून ते दोन पावलं चालले. मागांचा आवाज खरंच लांब गेल्यासारखा वाटला.

"नारायणराव!" रत्नम्मा दारातूनच ओरडल्या. "उतरा खाली! पायाचा एक जरी ठसा दिसला, तर पीस नापास करीन बगा!"