जर्मनबाईंची दहाची वेळ

जर्मन माणूस एकवेळ उपाशी राहील, पण वेळ चुकवणार नाही, हे भार्गवीचं ठाम मत! दिवेआगरजवळच्या शाळेत जर्मन शिकवायला लागल्यापासून तिने ते इतक्यांदा ऐकवलं, की पोरांना जर्मन आकडे यायच्या आधी जर्मन शिस्त पाठ झाली. पोरांनी ती घरी जाऊन आईबापांना शिकवली. गावात कुणी उशिरा आलं, की "ह्याला भार्गवीबाईंच्या वर्गात बसवा" असं म्हणायची पद्धतच पडली.

आता त्या वर्गाचंच भवितव्य टांगणीला लागलं होतं. वर्गाचा खर्च करणाऱ्या मुंबईच्या संस्थेतून उर्सुलाबाई नावाच्या खऱ्याखुऱ्या जर्मन बाई शनिवारी दहाला येणार होत्या. मुलं जर्मन बोलताना दिसली तर वर्ग चालू, नाहीतर बंद. बंद झाला की भार्गवीला पुन्हा पुणं, पुन्हा कानाला हेडफोन आणि पुन्हा रात्रभर चिडक्या जर्मन गिऱ्हाइकांची बोलणी!

"मुलांची काळजी नाही," ती आईला म्हणाली. "काळजी मुख्याध्यापकांची. निकेतसर स्वतःच्या लग्नातसुद्धा उशिरा पोचले होते."

म्हणून तिने एक शहाणपणा केला. निकेतसरांना वेळच नऊची सांगितली.

निकेतसरांनाही अक्कल होतीच. हार घालायला सरपंच क्रांतीताई हव्यात आणि ताई कुठेही तासभर उशिरा जातात, हे त्यांना ठाऊक. त्यांनी ताईंना आठ सांगितले. ताई तर राजकारणातल्या. लेझीमवाले आणि पालक कधी वेळेवर जमतात? त्यांनी गावाला सातची दवंडी दिली! आपल्याकडे निमंत्रण असंच द्यायचं असतं. ऐकणाराही मनातल्या मनात वजाबाकी करतो, म्हणून तर सगळं सुरळीत चालतं.

पण या खेपेला गावाने वजाबाकीच केली नाही. जर्मन बाई एक मिनिट थांबत नाही म्हणे! सातला अख्खं गाव शाळेच्या पटांगणात हजर. आठला ताई. नऊला, आयुष्यात पहिल्यांदाच, निकेतसर.

साडेनऊला भार्गवी ऐटीत स्कूटरवरून आली, तर लेझीमवाले घामाघूम होऊन पायरीवर बसलेले. हार मलूल झालेला. पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांच्या पातेल्यात फक्त डाव उरला होता.

"काय गो बाय," क्रांतीताईंनी विचारलं, "ह्येच काय तुजं वेळेचं जर्मन? सकाळधरनं मानसं उभी हायत."

भार्गवीने निकेतसरांकडे पाहिलं. निकेतसर झेंड्याच्या खांबाकडे पाहू लागले. दहाची वेळ सांगायची, तर आपणच सरांना नऊ सांगितल्याचं कबूल करावं लागणार. सरांचीही तीच पंचाईत.

"रस्ता खराब आहे ना," भार्गवी म्हणाली. "येतीलच दहापर्यंत."

दहा वाजले. कुणी आलं नाही. फोन लावला तर लागेना. मुलांनी स्वागतगीत म्हणून दाखवलं, मग उलटीकडून आकडे म्हटले, मग एकेक पेंगायला लागलं. अकराला लेझीमवाले गेले. साडेअकराला लांबच्या पोरांची एसटी आली आणि पोरं गेली. पालकांना कामं होती, तेही गेले, पण जाताना भार्गवीकडे असे बघत गेले, की तिला जमिनीत शिरावंसं वाटलं.

साडेबाराला गाडी आली. शाळेत उरली होती पाचच माणसं. त्यात निकेतसर खुर्चीत घोरत होते, शिपाई हारावर पाणी शिंपडत होता, ताई पंखा शोधत होत्या आणि सहावीतली रुचिता बापाच्या टेम्पोची वाट बघत होती.

उर्सुलाबाई हसतमुखाने उतरल्या. "मी बरोबर वेळेला आले ना?" त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "बारा वर्षं भारतात आहे मी. दहाला बोलावलं आणि दहाला गेलं, की यजमान अंघोळीला गेलेले असतात. आता शिकले. मुलं कुठे आहेत?"

भार्गवीने रिकाम्या पटांगणाकडे पाहिलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रुचिता पुढे झाली. तिचं स्वागताचं भाषण पहाटेपासून पाठ होतं, पण पोटात भूक आणि डोक्यात राग होता. कमरेवर हात ठेवून ती त्या पाहुणीला खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "तुम्हाला उशीर झालाय! आम्ही वाट पाहिली! सगळे घरी गेले! पोहे संपले!"

यातलं एकही वाक्य पुस्तकातल्या धड्यात नव्हतं. भार्गवीने डोळे मिटून घेतले.

उर्सुलाबाईंनी रुचितापुढे गुडघे टेकले आणि जर्मनमध्येच माफी मागितली. मग उठून भार्गवीला म्हणाल्या, "शाळाशाळांतून मला फुलं देणारी मुलं भेटली. जर्मनमध्ये भांडणारी पहिलीच. वर्ग चालू राहील! आणि पुढच्या वर्षी मी येईन ती दहाच्या ठोक्याला. वचन देते."

भार्गवीला रडूच आलं. तिने सगळं ताईंना मराठीत सांगितलं, वचनासकट.

क्रांतीताईंनी मलूल हार पाहुणीच्या गळ्यात घातला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "व्हय व्हय, येऊ दे दहाला. आमी आपले जेवूनच येऊ."