ज्याची सीट त्याला

वडील गेल्यानंतर घरातलं सगळं आवरून झालं, फक्त सीट राहिली. त्यांच्या खोलीत खिडकीशी, जुन्या चादरीखाली, ती भिंतीला पाठ टेकून होती. दार उघडलं की कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलंय असं वाटे. एकदा आईने सवयीने तिच्यापुढे चहाचा कप नेऊन ठेवला. मग तो उचलून स्वतःच प्यायली, आणि त्याच दुपारी मुलीला म्हणाली, "ही ज्याची आहे त्याला देऊन टाक. भंगारात घालायची नाही. पण घरात नको."

"पण आहे कुणाची?"

"मला काय ठाऊक! तुझ्या बापानं मला कधी काय सांगितलंय? शर्यतीहून आले की खोलीत कोंडून घेऊन ती घाशीत बसायचे. मी म्हटलं, बाहेर बाई असण्यापेक्षा घरात सीट बरी."

वडील शर्यतीच्या गाड्यांच्या सीटा बनवत. लाल टीममध्ये सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ड्रायव्हरला फेसाच्या पिशवीवर बसवायचं, फेस फुगून घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही. मग जो साचा निघतो तो त्या एकाच पाठीचा. दुसऱ्या कुणालाही तो चावतो. म्हणून ड्रायव्हर टीम बदलणार असला की त्याच्याआधी त्याची सीट जाते. त्या धंद्यात करारावर, मुलाखतींवर, हसऱ्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही. सीट हलली की माणूस हलला.

काकांच्या वेळी असंच झालं होतं. वडिलांचे धाकटे भाऊ लाल टीमचे ड्रायव्हर होते. एका सकाळी वर्कशॉपमध्ये त्यांची सीट जागेवर नव्हती, आणि भाऊ निळ्या टीमकडे गेल्याचं मिस्त्रींना पेपरात वाचावं लागलं. गेला याचं त्यांना एवढं वाटलं नाही. सीट न विचारता नेली, हे लागलं. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. अपघातात काकांचं कंबरेचं हाड मोडलं, ड्रायव्हिंग सुटलं, ते निळ्यांचे मॅनेजर झाले, तरी नाही. आई म्हणे, "इस्टेटीवरून भांडले असते तर वकिलानं तरी मिटवलं असतं. सीटवरून भांडलेल्यांचं कोण मिटवणार?" अंत्यविधीला काका आले होते म्हणे, पण गाडीतून उतरलेच नाहीत.

लाल वर्कशॉपमध्ये कुणाला तरी ठाऊक असेल म्हणून मुलगी सीट घेऊन निघाली. ती गाडीच्या मागच्या दारातून आत जाईना, तेव्हा आपल्या शेजारी पुढे ठेवली. गाडी केकाटायला लागली म्हणून सीटला पट्टा लावला. वाऱ्याने चादर उडाली. सिग्नलला शेजारच्या ट्रकमध्ये निळ्यांचा टायरवाला बसला होता. त्याने सीट पाहिली, मिस्त्रींची मुलगी पाहिली, गाडीचं तोंड लाल वर्कशॉपकडे आहे हेही पाहिलं, आणि फोन काढला.

फाटकावर नवा पहारेकरी होता. "कुणाची सीट?"

"तेच विचारायला आलेय."

"म्हणजे नाव सांगायचं नाहीये," पहारेकरी समजूतदारपणे म्हणाला. "कळलं, ताई. मी कुणालाच बोलणार नाही."

ती गाडी लावून आत पोहोचेपर्यंत सगळ्या वर्कशॉपला कळलं होतं की नव्या ड्रायव्हरची सीट आली. लाल टीमचा आत्ताचा ड्रायव्हर, ज्याला सगळे कौतुकाने 'राजे' म्हणत, तोंडात घास तसाच ठेवून मालकांच्या केबिनमध्ये शिरला.

"मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं!"

"तुला कोण काढतंय?" मालक ओरडले.

"मग ही सीट काय तुमच्या दिवाणखान्यासाठी आणली?"

मालकांना सीटबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. पण आपल्या टीममधलं आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते गूढ हसले. त्या हसण्याने घात झाला. राजेने हेल्मेट पिशवीत भरलं. तेवढ्यात फोन वाजला, आणि निळ्या टीमच्या मॅनेजरचा आवाज केबिनबाहेरही ऐकू आला.

"माझा ड्रायव्हर पळवता? लाज नाही वाटत?"

"तुम्ही शिकवाल आम्हाला लाज?" मालकांना जुना राग सापडला, आणि त्यांना एकदम बरं वाटलं. "सीट पळवायची रीत कुणी पाडली?"

"येतोच मी तिथं!"

काका खरंच आले. ज्या फाटकातून ते एकदा चोरासारखे गेले होते, त्यातून आज लंगडत, तावातावाने आत आले. पुतणीला पाहून थबकले. मग नजर वळवून मालकांवर ओरडले, "दाखवा ती सीट!"

सीट टेबलावर ठेवली होती. काकांनी चष्मा लावला आणि त्यांचा आवाज खाली आला. "ही माझ्या ड्रायव्हरची नाही. तो काडीपहिलवान आहे, यात दोन मावतील."

"मग आमच्या राजेची असेल," मालक घाईघाईने म्हणाले. "मिस्त्रींनी गुपचूप नवी केली असेल. बस रे."

राजे बसला. सुपात लिंबू गडगडावं तसा इकडून तिकडे गडगडला. मग मालकांनी स्वतः बसून पाहिलं, का ते कुणालाच कळलं नाही. ते अडकले. दोघांनी हात धरून त्यांना उपटून काढलं.

"कुणा वाकड्या माणसाची दिसते," पाठ चोळत मालक म्हणाले. "डावीकडे ही एवढी उंच! मिस्त्रींचा हात बिघडला होता शेवटी."

मुलीला ते लागलं. ती उत्तर द्यायला वळली, आणि तिची नजर काकांवर गेली. काका उभे होते तसेच, डावी कंबर वर, उजवा खांदा खाली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही बसा."

"मी कशाला? मी गाडी चालवून..."

"बसा हो."

सीट जमिनीवर ठेवली. काका टेबलाला धरून, कण्हत खाली बसले. सीटने आवाज केला नाही. नीट बसली की सीट बोलत नाही, असं मिस्त्री म्हणायचे.

काकांचा हात डाव्या कडेवरून फिरत होता. तिथे थरावर थर चिकटवले होते. खालचे पिवळे पडलेले, वरचा अजून पांढरा. पोट सुटत गेलं तसतसे दोन्ही काठ घासून मागे नेले होते.

"माप कधी घेतलं यानं?" काकांनी विचारलं. "मी तर कधी... आम्ही बोलतही नव्हतो."

शर्यतीला मिस्त्री कायम दुर्बीण घेऊन निळ्यांच्या गोटाकडे टक लावून बघत. मालक सगळ्यांना अभिमानाने सांगत, माझा माणूस शत्रूच्या टायरवर नजर ठेवून असतो.

"दुर्बिणीतून," मुलगी म्हणाली.

मालकांनी जरा विचार केला. "म्हणजे टायर..."

"नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "दादानं थोडं आधी सांगायला काय झालं होतं!" राजे त्यांना उठवायला पुढे झाला, तर त्यांनी हात आडवा केला. "राहू दे. जरा बसतो."

मुलीने बाहेर जाऊन घरी फोन लावला. "आई, ज्याची सीट आहे तो सापडला."

"कोण?"

"काका."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"घेऊन ये," आई म्हणाली.

"त्यांना?"

"आणि सीट. ते दुसऱ्या कशावर धड बसतात का विचार आधी."

परतताना पुढच्या जागी पट्टा लावून सीट बसली, म्हणून काका मागे बसले. सिग्नलला शेजारी पुन्हा तोच ट्रक उभा होता. टायरवाल्याने लाल वर्कशॉपकडून येणारी सीट पाहिली, तिच्यामागे बसलेले आपले साहेब पाहिले, आणि हळूच फोन काढला.

काकांनी काच खाली घेतली.

"कळव सगळ्यांना," ते म्हणाले. "खरं आहे."