वॉटर पोलोचा कोरडा संघ

बाळांनो, एका जंगलात फक्त मुलग्यांची एक शाळा होती. मुली का नव्हत्या, ते विचारू नका. संस्थापक लांडगेसाहेबांना आजवर कुणी विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?

तिथे दहावीत शिदू नावाचं एक रेडकू होतं. गणित म्हटलं की त्याला घाम फुटायचा. बापानं बजावलं होतं, "यंदा नापास झालास तर शाळा बंद. पाठीवर पखाल लादून घ्यायची आणि जंगलभर पाणी भरत हिंडायचं." त्या पखालीची शिदूला फार भीती वाटे.

त्या जंगलात खेळाडूंना परीक्षेत जादा गुण मिळत. म्हणून साळिंदर सरांनी शोधून शोधून वॉटर पोलो निवडला.

"हा खेळ दुसऱ्या कुठल्या शाळेतच नाही रे," सर म्हणाले. "समोर कुणी येणार नाही. न खेळता जिंकायचं, गुण घ्यायचे, घरी यायचं."

"पण सर, खेळतात कसा?" शिदूनं विचारलं.

"पाण्यात पोहत गोल करायचा. तळाला पाय लावायचा नाही. पण तुला काय करायचंय? टोपी घाल आणि फोटोला उभा राहा."

संघात बोकड, ससा, कोंबडा असे निवडक वीर होते. पोहता येणारा एकटा शिदू. तो रोज डोहात सराव करी. बाकीचे फोटोचा सराव करीत.

सामन्याच्या दिवशी घात झाला. पलीकडच्या जंगलातली शाळाही आली! त्यांच्याही सरांनी हाच खेळ शोधून काढला होता.

दोन्ही संघ कानांवर टोप्या बांधून काठावर उभे राहिले. पंच बगळेसाहेबांनी शिट्टी फुंकली. कुणी हललं नाही.

"आधी तुम्ही," बोकड म्हणाला.

"छे छे, मान यजमानांचा," पलीकडून उत्तर आलं.

शिदूच्या डोळ्यांपुढे पखाल नाचू लागली. त्यानं धाडकन उडी मारली, चेंडू नाकानं ढकलत नेला आणि गोल केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

टाळी मात्र वाजली नाही. दोन्ही सर धावत पंचांकडे गेले. "साहेब, हा गोल धरू नका! धरलात तर एकाचे गुण बुडतील आणि दुसऱ्याला पुढच्या फेरीत खरंच खेळावं लागेल हो!"

बगळेसाहेबांनी एका पायावर उभं राहून विचार केला.

"संघाला सोडून एकट्यानं पाण्यात उतरणं ही बेशिस्त आहे. शिदू बाद. बाकी कुणाचाही पाय तळाला लागलेला नाही. दोन्ही संघ विजेते!"

"सर, पण मी तर खेळलो!" शिदू रडकुंडीला आला.

"तेच नडलं रे बाळा," सर हळहळले.

सगळा संघ पास झाला. शिदू नापास झाला आणि गोठ्यात तोंड लपवून खूप रडला.

विजयाच्या आनंदात लांडगेसाहेबांनी शाळेत मोठा पोहण्याचा तलाव बांधला. पुढे कोंबडा तिथे पोहण्याचा मास्तर झाला. रोज सकाळी शिदू पखाल घेऊन येतो आणि तलाव भरतो. कोंबडासर काठावरच्या खुर्चीवर चढून ओरडतात, "शिद्या, जपून ओत! माझे पाय भिजतात!"

तात्पर्य: मुलांनो, पोहायला जरूर शिका. फक्त आपल्या संघाला ते कळू देऊ नका.