अण्णांच्या मुदतीचं इंग्रजी

आमच्या गावात मरणाची वेळ पुढे ढकलून मिळते, मात्र विनंती इंग्रजीत करावी लागते. ती एकदाच करता येते आणि लिहून घेतलेला शब्द मुदत खातं जसाच्या तसा अमलात आणतं. शेजारच्या खरातांनी ऐट दाखवायला ‘प्रीपोन’ म्हटलं होतं. त्यांचे काका मंगळवारी जायचे ते रविवारीच गेले. तेव्हापासून गल्लीतले सगळे इंग्रजी घोटून तयार असतात. मी नव्हतो. तहान लागली की विहीर खणायची, हा माझा जुना स्वभाव.

मुदत खात्याचे निमखेडकर साहेब सकाळी चपला बाहेर काढून आत आले, तेव्हा अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. आमचे वडील जन्मभर लग्नाचे आचारी. त्यांनी साहेबांना आधी विचारलं, “जेवलात का?”

“नाष्टा झालाय,” साहेब म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ काढून टीपॉयवर ठेवलं. “साडेदहाची वेळ आहे. काही विनंती?”

माझी बहीण वृंदा गुवाहाटीहून निघाली होती, संध्याकाळी पोचणार होती. तिच्या लग्नावरून अण्णांनी आणि तिने कित्येक वर्षं अबोला धरला होता. काल तिनेच फोन करून सांगितलं, “दादा, मी येईपर्यंत अण्णांना जाऊ देऊ नकोस.”

“बाय इव्हनिंग...” मी सुरुवात केली.

साहेबांनी हात वर केला. “म्हणजे संध्याकाळच्या आत कधीही. आत्ताही चालेल. लिहू?”

“नको, नको!”

“मग मी ऐकलं नाही असं समजतो. विचार करून बोला.”

“अंटिल शी कम्स?”

“म्हणजे बाईंचं पाऊल उंबऱ्यात पडेपर्यंत. पडलं की संपलं. बोलणं होणार नाही.”

“आफ्टर शी कम्स?”

“पाऊल पडल्यावरचा पहिला क्षणही आफ्टरच असतो.”

साहेब वाईट नव्हते, पण त्यांची मानगूट धरून त्यांना बाहेर काढावं असं मला फार वाटलं. “मराठीत सांगू का?” मी विचारलं.

“मराठीतल्या वेळेला घड्याळ लागू होत नाही. गावाची पद्धत धरावी लागते, आणि एकदा स्वीकारली की मोडता येत नाही. म्हणून आम्ही मराठी स्वीकारतच नाही.”

काटा साडेदहाकडे सरकत होता. अण्णा दाराकडे पाहत होते. मला रडू फुटलं आणि होतं नव्हतं ते इंग्रजीही आटलं.

साहेब उठले, बाह्या सारख्या केल्या आणि पलंगाकडे वळले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिला इंग्रजी येत नाही आणि घरी आलेला माणूस चहाशिवाय उठलेला खपत नाही. “अहो साहेब, उठलात कुठे? चहा टाकलाय. पाच मिनिटं बसा.”

असं कोणी म्हटलं की सगळे जे म्हणतात, तेच साहेबांच्याही तोंडून गेलं. “बरं, बसतो पाच मिनिटं.”

म्हणाले आणि चपापले. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हळूच विचारलं, “पाच मिनिटांची इथली पद्धत काय आहे?”

“मी जन्मभर पंगतीला सांगत आलो, पाच मिनिटांत पानं मांडतो,” अण्णा म्हणाले. “भाजी तेव्हा चिरायचीच असायची.”

साहेबांनी घड्याळ उचलून खिशात ठेवलं.

वृंदा संध्याकाळी आली आणि उंबऱ्यातच अडखळली. अण्णांनी विचारलं, “जेवलीस का?” ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. नंतरही ती येऊन गेली. यंदा लेकीला घेऊन आली होती.

साहेब त्याच खुर्चीत आहेत. दिवाळीला आम्ही त्यांनाही उटणं लावतो. मधूनमधून ते आत डोकावून विचारतात, “काकू, चहा?”

“झालाच,” आई म्हणते. “आलं किसतेय.”